डॉक्टरांचा बचाव करणारे वकील व्हायचे असेल तर

वैद्यकीय निष्काळजीपणाची नोटीस आलेले डॉक्टर पहिल्यांदा वकिलाच्या कार्यालयात येतात, तेव्हा बहुधा हातात नोटीस आणि तोंडात सगळी हकिकत असते. केस पेपर मात्र रुग्णालयातच राहिलेले असतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वकिलाने स्वतःला पहिली शिस्त लावायची ती येथेच. हकिकत आदराने ऐकावी, पण कागद वाचल्याशिवाय तिच्यावर एकही मत देऊ नये. घटना घडली त्या रात्री परिचारिकेने, निवासी डॉक्टरने आणि भूलतज्ज्ञाने जे लिहून ठेवले तेच दोन-तीन वर्षांनी ग्राहक आयोगापुढे वाचले जाणार असते, आणि त्याच्याशी विसंगत असलेली कोणतीही हकिकत, ती कितीही खरी असली, तरी टिकत नाही. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रात हे काम शिकू इच्छिणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या सनदधारकांसाठी आहे.

पात्रता आणि सुरुवात

या कामासाठी वेगळी पदवी लागत नाही. बारावीनंतरचा पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे, एवढीच औपचारिक अट आहे. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले आहे की, वकील कायद्यात ठरलेल्या 750 रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये) अधिक रक्कम राज्य बार कौन्सिलला आकारता येणार नाही. वैद्यकीय कायद्याची पदव्युत्तर पदविका उपयोगी पडते; बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम अनेक वकील आणि डॉक्टर करतात. मात्र पदविका हे अनुभवी वकिलाच्या हाताखाली केलेल्या कामाचा पर्याय नव्हे.

डॉक्टर असूनही वकिली करू पाहणाऱ्यांनी एक निकाल अवश्य वाचावा. मुंबईतील एका शल्यचिकित्सकाने वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून वकिलीची सनद मागितली होती. बार कौन्सिलने ती नाकारली आणि डॉ. हनिराज चुलानी विरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तो नकार योग्य ठरवला. म्हणजे वैद्यकीय ज्ञान घेऊन वकिलीत येता येते, पण दवाखाना आणि न्यायालय एकाच वेळी सांभाळता येत नाही. ज्यांचे शिक्षण वैद्यकीय नाही त्यांनी यामुळे खचून जाऊ नये. वैद्यकशास्त्र खटल्यागणिक शिकता येते, आणि एका प्रसूतीच्या खटल्यासाठी प्रसूतिशास्त्राचे दोन अध्याय मन लावून वाचणारा ज्युनिअर पुढच्या खटल्यात सिनिअरच्या नजरेत भरतो.

पहिली दोन वर्षे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात काढावीत, असा माझा आग्रह आहे. याचे कारण कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि तेव्हापासून आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. डिसेंबर 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांपर्यंत मोबदला असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, 50 लाख ते 2 कोटी असेल तर राज्य आयोगाकडे आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे जाते. रुग्णालयाचे बिल क्वचितच 50 लाखांच्या वर जात असल्याने, दोन लाखांच्या बिलावर एक कोटीची भरपाई मागणारी तक्रारही आता जिल्हा आयोगातच चालते. शिवाय तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा असल्यामुळे पुण्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची तक्रार लातूरला चालू शकते. म्हणून मोठी कामे केवळ मुंबईत मिळतात हा समज सोडून द्यावा. एक लहानशी सूचना भाषेची: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आपल्याकडे कोठे ‘सामनेवाले’, कोठे ‘जाबदेणार’, मराठवाड्यात बहुधा ‘गैरअर्जदार’ आणि विदर्भात ‘विरुद्ध पक्ष’ म्हणतात, ज्या आयोगात उभे राहायचे तेथला शब्द आपल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, वापरावा.

आधी कोणते निकाल वाचावेत

निकालांचा ढीग मोठा आहे, परंतु थोडेच निकाल पूर्ण, पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत वाचावेत. सुरुवात डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या 1968 च्या निकालापासून करावी. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणले गेले आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. तीन हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना योग्य काळजी घेणे. आजही कोणतीही तक्रार हातात आली की ती या तीन कर्तव्यांपैकी कोणत्या कर्तव्याविषयी आहे हे आधी ठरवावे. अर्धे काम तेथेच सुटसुटीत होते.

त्यानंतर इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (1995) वाचावा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आली ती या निकालाने, आणि जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली गेली तीही याच निकालाने. तिसरा जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (2005) हा, ज्यात दिवाणी निष्काळजीपणा आणि फौजदारी निष्काळजीपणा यांतील अंतर स्पष्ट झाले. चौथा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (2008) हा संमतीविषयीचा. पाचवा बॉम्बे हॉस्पिटल विरुद्ध आशा जैस्वाल (2021) हा, कारण रुग्ण बरा होईल याची हमी डॉक्टर देऊ शकत नाही आणि तज्ज्ञ डॉक्टरने चोवीस तास खाटेशेजारी बसावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यात नेमकेपणाने आले आहे.

मात्र आपल्या बाजूचे तेवढेच निकाल वाचणारा वकील अर्धाच तयार होतो. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1996) या खटल्यात औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात 1963 मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या पोटात मॉप (रक्त टिपण्याचे कापड) राहिला आणि ती दगावली. अशा घटनेत परिस्थिती स्वतःच बोलते आणि स्पष्टीकरण देण्याचा भार डॉक्टरांकडे येतो. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल (1996) या मुंबईच्या खटल्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधे दिली होती आणि ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्या शास्त्राचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरला. कोलकात्याच्या बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा (2013) प्रकरणात भरपाई सुमारे सहा कोटींच्या घरात गेली. हे निकाल डॉक्टरांना लपवून ठेवू नयेत, पहिल्याच बैठकीत सांगावेत.

केस पेपर कसे वाचावेत

या कामाचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

रुग्णालयाकडून संपूर्ण आयपीडी (आंतररुग्ण) फाईल मागवावी, निवडक पाने घेऊ नयेत. दाखल होतानाची नोंद, इतिहास आणि तपासणी, डॉक्टरांचे आदेश, प्रोग्रेस नोट्स, परिचारिकांच्या नोंदी, तापमान-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची नोंद, भुलेची नोंद, संमतीपत्रे, तपासणी अहवाल, दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना दिलेली चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला आणि बिले, असा हा संच असतो. पाने आली त्या क्रमाने क्रमांकित करावीत आणि मग कोऱ्या कागदावर घड्याळाचा तक्ता बनवावा: तारीख, वेळ, काय घडले, कोणी लिहिले, कोणत्या पानावर. हा तक्ता ज्युनिअरने हाताने बनवावा. तो बनवताना जे दिसते ते नुसत्या वाचनात दिसत नाही. डॉक्टरांच्या नोंदीत ‘रुग्ण स्थिर’ असे रात्री दहाला लिहिलेले असते आणि परिचारिकेच्या नोंदीत सव्वादहाला रक्तदाब घसरल्याचे व फोन केल्याचे असते; फोन कोणाला केला हे मात्र कोठेच नसते. खटल्याचा निकाल पुष्कळदा अशाच एका रिकाम्या जागेवर ठरतो. तक्रारदाराचे वकील ती शोधणारच असतात, तेव्हा ती आपण आधी शोधावी.

एनबीएम (तोंडाने काही देऊ नये), बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (दिवसातून तीनदा), एसओएस (गरज पडल्यास) ही लघुरूपे आणि रक्ताच्या प्रमुख तपासण्यांची सर्वसाधारण प्रमाणे पाठ असावीत. अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नये. लिहिणाऱ्यालाच विचारावे आणि टंकलिखित प्रत बनवून त्याच्याकडून पडताळून घ्यावी.

संमतीपत्र स्वतंत्रपणे तपासावे. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव आहे का, धोके आणि पर्याय लिहिले आहेत का, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत आहे का, सही शस्त्रक्रियेपूर्वीची आहे का? समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती होती आणि गर्भाशय काढले गेले. रुग्ण सज्ञान होती, भुलेखाली होती, आणि तिच्या आईची संमती पुरेशी ठरली नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागले तरच अपवाद. कोऱ्या छापील नमुन्यावर घेतलेली सही हा आपल्याकडच्या लहान रुग्णालयांचा नेहमीचा दुबळा भाग आहे आणि ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. नोटीस आल्यानंतर कागदात एक शब्दही वाढवू देऊ नये. ‘वकीलसाहेब, हे त्या वेळी केले होते, फक्त लिहायचे राहिले, आता लिहून टाकू का?’ असा प्रश्न प्रामाणिक डॉक्टरही विचारतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते. उत्तर एकच: नाही. जे केले पण लिहिले नाही ते शपथपत्रात, तसे स्पष्ट म्हणून, सांगता येते. मूळ कागदावर नंतर घातलेली ओळ मात्र उरलेल्या सगळ्या खऱ्या नोंदींचाही विश्वास घालवते. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, त्यामुळे तक्रारदाराकडे झेरॉक्स आधीच असते आणि दोन प्रतींतील फरक पहिल्याच तारखेला उघडा पडतो. तसे करण्यात आपला सहभाग असेल तर सनदही जाते.

त्याच आचारसंहितेनुसार नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. परंतु मुलांच्या बाबतीत दिवाणी दाव्याची मुदत सज्ञान झाल्यानंतर मोजली जाते, म्हणून प्रसूती आणि नवजात बालकांच्या नोंदी कितीतरी अधिक काळ ठेवाव्यात, असा सल्ला आपल्या प्रत्येक अशिलाला लेखी द्यावा.

वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी

तक्रारीत बहुधा रुग्णालय, उपचार करणारे तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि कधी निवासी डॉक्टर असे अनेक जण असतात आणि सगळे एकाच वकिलाकडे येऊ इच्छितात. खर्च वाचतो, हे खरे. परंतु ‘मी फोनवर आदेश दिला होता’ असे तज्ज्ञ म्हणत असतील आणि ‘फोन आलाच नाही’ असे निवासी डॉक्टर म्हणत असतील, तर दोघांची बाजू एका वकिलाला मांडता येत नाही. म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे, घड्याळाचा तक्ता समोर ठेवावा आणि हितसंबंध जुळत नसतील तर एकाला आदरपूर्वक दुसऱ्या वकिलाकडे पाठवावे. खटल्याच्या मध्यावर हे करावे लागले तर दोघांचेही नुकसान होते.

त्याच बैठकीत व्यावसायिक दायित्व विम्याची पॉलिसी मागावी. हे विमे साधारणपणे दावा ज्या काळात केला जातो त्या काळातील पॉलिसीवर चालतात आणि मागील कोणत्या तारखेपासूनच्या घटना धरल्या जातील तेही पॉलिसीत लिहिलेले असते. मधले एखादे वर्ष नूतनीकरण राहिले असेल तर तेथेच अडचण येते. नोटीस मिळताच कंपनीला लेखी कळवावे लागते आणि कंपनीच्या संमतीविना चूक कबूल करता किंवा तडजोड करता येत नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. वकील कोणी नेमायचा यावर कंपनीचे म्हणणे असू शकते. तरीही आपला अशील डॉक्टर आहे, फी कोणीही भरो, हे विसरू नये.

फीबद्दलही स्पष्ट असावे. ‘जिंकलात तर दुप्पट देईन’ असे म्हटले तरी निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. जाहिरातही करता येत नाही. ओळख होते ती कामातून, आणि वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शाखेत नोंदी कशा ठेवाव्यात यावर निमंत्रणावरून दिलेल्या व्याख्यानांतून.

पंचेचाळीस दिवस

आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते आणि आयोग फार तर 15 दिवस वाढवून देऊ शकतो. हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबद्दल ठरवले की, 45 दिवसांपुढे एक दिवसही देण्याचा अधिकार आयोगाला नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात नोटीस स्वागतकक्षातील खणात पडून राहिली आणि माझ्याकडे आली तेव्हा मुदत संपत आलेली होती. मी अशिलाला मुदत आणि तिचे परिणाम आधीच समजावून ठेवायला हवे होते; ते मी केले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक रुग्णालयाला मी नोटीस मिळाल्याच्या दिवशीच पाकिटासह छायाचित्र पाठवायला सांगतो.

कैफियतीत प्रत्येक आरोपाला पानाच्या क्रमांकासह उत्तर असावे. ‘सर्व आरोप खोटे आहेत’ हे वाक्य जितके कमी तितके चांगले. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत, अधिकारक्षेत्र, आवश्यक पक्षकार या प्राथमिक हरकती थोडक्यात मांडाव्यात. त्यानंतर उपचाराची हकिकत वैद्यकीय भाषेत नव्हे, तर आयोगाच्या सदस्यांना सहज समजेल अशा मराठीत किंवा साध्या इंग्रजीत लिहावी. गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांतील फरक दाखवताना ती गुंतागुंत मान्यताप्राप्त ग्रंथांत नोंदलेली आहे, ती वेळेत ओळखली गेली आणि तिच्यावर योग्य उपचार झाले, या तीनही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नवे वकील पहिल्या गोष्टीवर थांबतात आणि तेथेच हरतात.

तक्रारदाराविषयी भाषा सौम्य असावी. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाने बहुधा पत्नी, मूल किंवा आई गमावलेली असते. ‘पैसे उकळण्यासाठी’ हा शब्दप्रयोग कैफियतीत घालावा असे डॉक्टर संतापाने सांगतात. तो घालू नये. त्याने बचाव बळकट होत नाही आणि तडजोडीची वाट कायमची बंद होते.

तज्ज्ञांचे मत

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रारदारावर असतो, पण सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. किशन राव प्रकरणातील निकालानंतर (2010) प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही. म्हणून ‘तक्रारदाराने तज्ज्ञ आणला नाही’ एवढ्यावर विसंबून न राहता आपण त्याच शाखेतील, शक्यतो अध्यापन करणाऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. त्यांना पूर्ण फाईल द्यावी, आपले म्हणणे सांगू नये आणि मत प्रतिकूल आले तर ते अशिलासमोर ठेवावे. 1957 च्या इंग्लंडमधील बोलम खटल्यापासून आलेली आणि जेकब मॅथ्यूमध्ये स्वीकारलेली कसोटी सामान्य कुशल डॉक्टरची आहे, सर्वोत्तम डॉक्टरची नव्हे. तज्ज्ञाला प्रश्नही त्याच शब्दांत विचारावा. उलटतपासणी आयोगात बहुधा लेखी प्रश्नावलीने होते, त्यामुळे प्रश्न लहान, एकेका वस्तुस्थितीवर आणि पान क्रमांकासह लिहिण्याचा सराव हवा.

पोलिस आणि वैद्यकीय परिषद

रुग्ण दगावल्यावर रात्री अकराला येणारा फोन हा या कामाचा भाग आहे. मृत्यूचे कारण स्पष्ट नसेल किंवा नातेवाइकांना शंका असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवून शवविच्छेदनाचा आग्रह धरावा, हा सल्ला न कचरता द्यावा. शवविच्छेदन न झालेल्या मृत्यूत पुढे बचाव करणे फार कठीण जाते. मूळ कागद पोलिसांना देताना प्रत ठेवावी आणि पोच घ्यावी. जमाव असेल तर आधी कर्मचाऱ्यांची सुरक्षितता पाहावी. रुग्णालयांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे.

1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1) लागू होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. जेकब मॅथ्यूनुसार फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो शासकीय डॉक्टरचे मत घ्यावे आणि अटक नित्याची बाब म्हणून करू नये. वकिलाने हा निकाल छापून सोबत ठेवावा आणि पोलिस ठाण्यात शांतपणे दाखवावा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेपुढील चौकशी वेगळी असते. तेथे भरपाईचा नव्हे, तर नोंदणी निलंबित होण्याचा प्रश्न असतो, आणि तेथे दिलेला जबाब आयोगातील कैफियतीशी शब्दशः जुळला पाहिजे.

तडजोड, आदेश आणि अपील

फाईल वाचून चूक झाली आहे असे दिसले तर ते डॉक्टरांना एकांतात, स्पष्ट शब्दांत आणि लवकर सांगावे. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे 2020 च्या मध्यस्थी नियमांनुसार आयोगाच्या मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत, परंतु पक्षकारांनी आपसांत, विमा कंपनीच्या लेखी संमतीने, तडजोड करून ती आयोगापुढे नोंदवण्यास हरकत नसते.

आदेश विरुद्ध गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी लिहून द्याव्यात. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात 45 दिवसांत अपील करता येते. अपिलासोबत आदेशातील रकमेच्या 50 टक्के रक्कम जमा करावी लागते, तेव्हा विमा कंपनीकडे मागणी लगेच पाठवावी. आणि स्थगिती नसताना आदेश पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 72 खाली कारावासाची कारवाई होऊ शकते. प्रमाणित प्रतीसाठीचा अर्जही दुसऱ्या दिवसावर टाकू नये; प्रत हातात पडली की त्यावरील तारीख डायरीत लाल शाईने लिहावी आणि घड्याळाचा तो जुना तक्ता पुन्हा बाहेर काढून आदेशातील प्रत्येक निष्कर्षासमोर फाईलमधील पान क्रमांक मांडायला घ्यावा. अपिलाचे मुद्दे त्यातूनच निघतात.